अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर फोनवरची ऑडिओ टूर: कुठून शिरायचं, कुठे थांबून ऐकायचं

प्रश्न थोडक्यात असा: अथेन्समध्ये एक सकाळ हातात आहे, चौघांपैकी दोघं साठीच्या पुढचे आहेत, गाइड न घेता फोनवरची ऑडिओ टूर लावून ॲक्रोपोलिस, म्हणजे प्राचीन ग्रीक देवळांची टेकडी, बघायचं आहे. हे जमेल का, किती वेळ धरायचा आणि आधी काय तयारी करायची?

जमेल. ॲक्रोपोलिस अशा टूरसाठी फार चांगली जागा आहे, कारण माथ्यावर बघायच्या इमारती मोजक्या आहेत आणि एकीपाशी उभं राहिलं की दुसरी दिसते. टूर फसते ती बहुतेक वेळा एकाच गोष्टीने. रेकॉर्डिंग करणाऱ्याने पश्चिमेच्या दरवाजातून सुरुवात धरलेली असते, तुम्ही आग्नेयेच्या दरवाजातून आत आलेले असता, आणि कानात ‘आता उजवीकडे बघा’ ऐकू येतं तेव्हा उजवीकडे नुसती झुडपं असतात. पहिल्या दहा मिनिटांत असं दोनदा झालं की माणूस कानातलं काढून खिशात टाकतो. म्हणून आधी दरवाजा आणि वेळ ठरवा, मग तिकीट काढा, आणि टूर त्याला जुळेल अशी निवडा.

दरवाजा आणि वेळ

आत शिरायला दोन दरवाजे आहेत. पश्चिमेचा मुख्य दरवाजा थेट प्रोपिलियाच्या, म्हणजे माथ्यावरच्या महाद्वाराच्या खाली आहे. तिथून वर जायला कमी चालावं लागतं, पण बसने येणारे गट तिथेच उतरतात. दुसरा आग्नेयेचा दरवाजा, दक्षिण उताराच्या पायथ्याशी, ‘आक्रोपोली’ या मेट्रो स्टेशनजवळ आणि ॲक्रोपोलिस म्युझियमच्या जवळपास समोर. विमानतळावरून येणारी निळी मेट्रो सिंतग्मा स्टेशनला बदलायची आणि लाल मार्गावर एक स्टेशन पुढे उतरायचं, की तुम्ही या दरवाजाशी पोहोचता. इथून माथ्यापर्यंत न थांबता १५ ते २० मिनिटं लागतात आणि चढ सलग असला तरी अंगावर येणारा नाही.

माझा स्पष्ट सल्ला: सकाळी ८ चा स्लॉट घ्या, आग्नेयेच्या दरवाजाने शिरा आणि वाटेत काहीही न ऐकता सरळ माथ्यावर जा. डायोनिसस या ग्रीक देवाचं नाट्यगृह वाटेतच लागतं, तिथे रेंगाळायचा मोह होतो, तो आवरा. नाट्यगृह उतरताना ऐकायचं आहे. कारण साधं आहे. माथ्यावर सावली नाही आणि ९ नंतर गर्दी वाढत जाते. दक्षिण उतारावर मात्र झाडं आहेत, तिथे ११ वाजताही उभं राहून ऐकता येतं. टूरमध्ये नाट्यगृहाचे ट्रॅक आधी असोत की शेवटी, ते तुम्ही उतरतानाच लावायचे.

सकाळ जमतच नसेल तर शेवटचे अडीच तास घ्या. उन्हाळ्यात जागा रात्री ८ ला बंद होते आणि शेवटचा प्रवेश साडेसातला असतो. सप्टेंबरपासून ही वेळ टप्प्याटप्प्याने अलीकडे येते आणि हिवाळ्यात ५ लाच बंद होते. संध्याकाळचा फायदा असा की पार्थेनॉनची, म्हणजे माथ्यावरच्या मुख्य देवळाची, पश्चिम बाजू उन्हात उजळलेली असते. तोटा असा की वेळ संपली की कर्मचारी सगळ्यांना एकदम खाली काढतात, आणि दक्षिण उतार राहून जातो. तिकीट एकदाच प्रवेशाचं आहे, बाहेर पडल्यावर पुन्हा आत येता येत नाही. पश्चिमेच्या दरवाजाने शिरून तिथूनच बाहेर पडणाऱ्या कितीतरी जणांचं नाट्यगृह असंच हुकतं.

तिकिटाबद्दल थोडक्यात. २०२३ पासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आणि तासातासाचे स्लॉट लागू आहेत. दिलेल्या वेळेच्या १५ मिनिटं आधीपासून १५ मिनिटं नंतरपर्यंत आत सोडतात. एप्रिल २०२५ पासून तिकीट वर्षभर ३० युरो आहे आणि बाकीच्या अवशेषांसह मिळणारं जुनं एकत्रित तिकीट बंद झालं आहे. तिकीट ग्रीस सरकारच्या अधिकृत ई-तिकीट संकेतस्थळावरच काढा. मधल्या विक्रेत्यांकडे ‘ॲक्रोपोलिस ऑडिओ टूर’ या नावाखाली नुसती टूर विकली जाते, प्रवेश त्यात नसतो, आणि ही ओळ बारीक अक्षरात असते. दरवाजावर हे कळलं तर त्या दिवसाचे सकाळचे स्लॉट बहुधा संपलेले असतात. १ जानेवारी, २५ मार्च, १ मे, ग्रीक ईस्टरचा रविवार, २५ आणि २६ डिसेंबरला जागा बंद असते. मोफत प्रवेशाचे दिवसही आहेत (६ मार्च, १८ एप्रिल, २८ ऑक्टोबर, सप्टेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार, नोव्हेंबर ते मार्च महिन्याचा पहिला रविवार), पण ऑडिओ टूर शांतपणे ऐकायची असेल तर ते टाळलेले बरे.

जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक धोका असतो. उष्णतेची लाट आली की दुपारी साधारण १२ ते ५ जागा बंद ठेवतात. २०२३ च्या जुलैपासून हे उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा झालं आहे. दुपारचा स्लॉट घेतला तर तो अख्खा हातातून जाऊ शकतो.

टूर कशी निवडायची

तीन प्रकारच्या टूर मिळतात. पहिला प्रकार म्हणजे एकच लांब फाइल, तासा-दीड तासाची, ‘आता चालायला लागा, आता थांबा’ अशी. दुसरा, क्रमांक दिलेले थांबे, प्रत्येकाचा स्वतंत्र ट्रॅक. तिसरा, जीपीएसवर चालणारी, म्हणजे तुम्ही विशिष्ट जागी आलात की ट्रॅक आपोआप सुरू होतो.

ॲक्रोपोलिससाठी दुसरा प्रकार घ्या. एका फाइलची टूर तुमच्या चालण्याच्या वेगाशी कधीच जुळत नाही, आणि साठीच्या पुढचं माणूस बरोबर असताना तर नाहीच. जीपीएसची टूर शहराच्या रस्त्यांवर छान चालते; इथे तिची पंचाईत होते, कारण माथा लहान आहे. सगळं पठार मिळून सुमारे ३ हेक्टर. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं, पण उंच भिंतीलगत सिग्नल आपटून परततो आणि चूक वाढते. प्रोपिलिया आणि अथेना नाइकीचं (विजयाची देवी या रूपातल्या अथेनाचं) देऊळ एकमेकांना अक्षरशः खेटून आहेत. दोन्हींची वर्तुळं एकमेकांवर चढतात आणि तुम्ही महाद्वारात असताना देवळाचा ट्रॅक सुरू होतो. जीपीएसची टूर आधीच घेतलेली असेल तर सेटिंगमध्ये आपोआप वाजणं बंद करा आणि थांबे हाताने लावा.

टूर जुनी आहे का हे ओळखायला तीन खुणा पुरेशा आहेत. एकत्रित तिकीट घ्या असं सांगत असेल, किंवा तिकीट २० युरो म्हणत असेल, तर ती एप्रिल २०२५ च्या आधीची. काँक्रीटच्या नव्या वाटांचा उल्लेख नसेल आणि खडबडीत खडकावरून चालायचं वर्णन असेल, तर २०२० च्या आधीची. मूर्ती ‘इथेच माथ्यावरच्या म्युझियममध्ये’ आहेत असं म्हणत असेल तर ती फारच जुनी. ते म्युझियम २००७ मध्ये बंद झालं आणि पायथ्याचं नवं २० जून २००९ ला उघडलं. इतिहासाचा भाग जुन्या टूरमध्येही चांगला असू शकतो, पण वाट दाखवण्यापुरता तिच्यावर विश्वास ठेवू नका.

एक ट्रॅक ३ ते ४ मिनिटांचा असावा. सहा मिनिटांच्या पुढे उन्हात उभ्या माणसाचं लक्ष राहत नाही. ४५ मिनिटांच्या ऑडिओला जागेवर किमान दीड तास लागतो, हे गणित धरून चाला: माथा दीड तास, दक्षिण उतार पाऊण तास.

फोनची तयारी आदल्या रात्री

सगळी टूर डाउनलोड करा आणि फोन फ्लाइट मोडवर टाकून प्रत्येक ट्रॅक पाच सेकंद वाजवून बघा. ही चाचणी टाळू नका. काही ॲप मजकूर आणि चित्रं उतरवून घेतात, आवाज मात्र ऐनवेळी नेटवरून ओढतात, आणि हे फ्लाइट मोडशिवाय कळत नाही. साध्या एमपी३ आवाजाला मिनिटाला जवळजवळ १ एमबी लागतो. ९० मिनिटांची टूर म्हणजे ८५-९० एमबी. नकाशे आणि चित्रं धरून फोनमध्ये ५०० एमबी मोकळे असले की पुरे.

ॲपमध्ये खातं उघडायचं असेल तर ते भारतातून निघण्यापूर्वीच उघडा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, आणि अथेन्समध्ये स्थानिक सिम किंवा ई-सिम घातल्यावर तो नंबर बहुधा बंद असतो. टूरचे पैसे भरलेले असतानाही लॉगिन होत नाही, याचं हे नेहमीचं कारण. लॉगिन झाल्यावर पुन्हा लॉगआउट करू नका.

अँड्रॉइड फोनवर बॅटरी सेव्हर चालू असेल तर स्क्रीन बंद झाल्यावर थोड्या वेळाने तो ॲपलाच झोपवतो आणि ट्रॅक मध्येच तुटतो. त्या ॲपपुरता बॅटरीचा निर्बंध काढा. लोकेशनची परवानगी ‘ॲप वापरत असतानाच’ अशी असेल तर फोन लॉक झाल्यावर नकाशावरचा ठिपका एका जागी गोठतो. यातून टूर बिघडली असं वाटतं, बिघडलेलं काही नसतं. जीपीएस फ्लाइट मोडमध्येही चालतं, फक्त नेटची मदत नसल्याने पहिल्यांदा जागा सापडायला मिनिट-दोन मिनिटं लागू शकतात. दरवाजाच्या रांगेत असतानाच नकाशा उघडून ठेवा.

उन्हात फोन गरम होऊन बंद पडणं हा इथला सगळ्यात मोठा घोटाळा आहे. आयफोनसाठी निर्मात्याने सांगितलेली बाहेरच्या हवेची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि उन्हाळ्यात अथेन्स ती सहज ओलांडतं. त्यात फोन हातात, स्क्रीन पूर्ण उजेडावर, पाठीला जाड कव्हर, वरून पांढऱ्या दगडाचा ताप. मग तापमानाची सूचना येते आणि फोन थंड होईपर्यंत काही करू देत नाही. उपाय: कव्हर काढा, स्क्रीन बंद करून फोन पिशवीत सावलीत ठेवा, ट्रॅक इयरफोनच्या बटणाने थांबवा आणि पुढे न्या. पॉवर बँक चालते, पण उन्हात चार्जिंग लावून ऐकू नका. चार्जिंगची उष्णता त्यात भर घालते. फोन तापलाच तर थंड पाण्याच्या बाटलीला चिकटवू नका, आत बाष्प धरतं. सावलीत, हवेत धरा. चौघांपैकी दोघांच्या फोनवर तरी टूर पूर्ण असू द्या, म्हणजे एक बंद पडला तरी काम अडत नाही. पोलराइज्ड गॉगल लावणाऱ्यांना फोन विशिष्ट बाजूने धरला की स्क्रीन काळी दिसते. फोन आडवा करून बघा.

इयरफोन कानात नीट बसणारे घ्या, कारण माथ्यावर वारा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी वारे वाहतात आणि सैल इयरफोनमध्ये नुसता घुरघुराट ऐकू येतो. मात्र बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारा मोड वापरू नका. दोरी ओलांडली, दगडाला हात लावला किंवा खांबाच्या तुकड्यावर कोणी बसलं की रखवालदार शिट्टी वाजवतात; ती ऐकू आली पाहिजे. पायऱ्यांवर तर एक कान मोकळाच ठेवा. स्पीकरवर टूर लावायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

मराठीतून ऐकायचं असेल तर एक सोपी गोष्ट करता येते. टूरचा मजकूर आधी वाचून घ्या आणि थांब्यागणिक तीन-तीन मिनिटांचं मराठी रेकॉर्डिंग घरातल्या कुणाच्या तरी आवाजात करून फोनवर टाका. इंग्रजी कळत असलं तरी ग्रीक नावांच्या गर्दीत ज्येष्ठांचा धागा सुटतो, आणि ओळखीच्या आवाजात ऐकलेलं जास्त लक्षात राहतं. इंग्रजी टूरच ऐकायची असेल तर वेग ०.९ वर ठेवा.

माथ्यावर कुठे उभं राहून काय ऐकायचं

नियम एकच: चालताना ऐकायचं नाही. खडक आणि संगमरवर शतकानुशतकांच्या पावलांनी इतके गुळगुळीत झाले आहेत की कोरड्या हवेतही चप्पल घसरते, पावसानंतर तर बूटही. रबरी तळव्याचे बंद बूट घाला. उंच टाचांचे बूट घालून आत सोडत नाहीत.

प्रोपिलियाचा ट्रॅक प्रोपिलियात ऐकू नका. ती सगळ्या माथ्याची चिंचोळी मान आहे, वर जाणारे आणि उतरणारे दोन्ही तिथे दाटतात आणि कर्मचारी पुढे सरकवतात. पायऱ्या सुरू होण्याआधी, जिथून हेरोडीस ॲटिकसचं अर्धवर्तुळाकार प्रेक्षागृह खाली दिसतं, तिथे कडेला थांबून आधीच ऐका. इ.स.पू. ४३७ मध्ये स्थपती म्नेसिक्लीसच्या देखरेखीखाली हे द्वार बांधायला घेतलं आणि इ.स.पू. ४३२ मध्ये काम थांबलं, ते पुरं झालंच नाही. वर चढताना डाव्या हाताला उंच एकाकी चौथरा दिसतो, तो रोमन सेनापती अग्रिपाचा. आणि उजवीकडे बुरुजावर अथेना नाइकीचं लहानसं देऊळ. हे देऊळ १६८६ मध्ये ऑटोमन (तुर्की) सैन्याने तोफांचा बुरुज उभारण्यासाठी उतरवलं होतं. एकोणिसाव्या शतकात त्याचेच दगड शोधून ते पुन्हा रचलं. इथून वर जाईपर्यंत काही वाजवू नका, दोन्ही हात मोकळे ठेवा.

महाद्वार ओलांडलं की पंधरा-वीस पावलं पुढे जा आणि वाटेच्या कडेला व्हा. पार्थेनॉन इथून कोपऱ्याने दिसतं, एकाच वेळी पश्चिमेची आणि उत्तरेची बाजू. इथे मिनिटभर काहीही न लावता बघा. मग पहिला ट्रॅक. एक गैरसमज इथेच दूर व्हावा: समोर दिसते ती पार्थेनॉनची मागची बाजू आहे. देवळाचं दार पूर्वेला होतं. टूरमध्ये ‘दर्शनी भाग’ म्हटलं की पश्चिम की पूर्व हे नीट ऐका, निम्मा गोंधळ तिथे होतो. पश्चिमेला छपराखालच्या त्रिकोणात अथेना आणि समुद्रदेव पोसायडन यांची नगरासाठीची स्पर्धा कोरलेली होती, पूर्वेच्या त्रिकोणात अथेनाचा जन्म. दिशा चुकली असं वाटलं तर ग्रीसचा झेंडा शोधा. तो माथ्याच्या पूर्व टोकाला आहे.

बांधकामाचा ट्रॅक उत्तर बाजूने चालत अर्ध्यावर आल्यावर ऐका, कारण त्यात सांगितलेलं सगळं तिथे डोळ्यांसमोर असतं. इ.स.पू. ४४७ ते ४३२, स्थपती इक्टिनोस आणि कॅलिक्रेटीस, शिल्पांची जबाबदारी फिडियासकडे, मागे अथेन्सचा नेता पेरिक्लीस याची सत्ता. चौथऱ्याचा वरचा थर ६९.५ बाय ३०.९ मीटर, भोवती ८ बाय १७ असे ४६ खांब, प्रत्येक सुमारे १०.४ मीटर उंच. आता कोपऱ्याशी या, दोरीच्या बाहेरूनच वाका आणि पायरीच्या कडेने लांबवर नजर टाका. पायरी मधोमध फुगलेली दिसेल. लांब बाजूंना हा उंचवटा सुमारे ११ सेंटीमीटर आहे, आखूड बाजूंना सुमारे ६. खांबही किंचित आत झुकलेले आहेत आणि कोपऱ्यातले खांब बाकीच्यांपेक्षा थोडे जाड. पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचे घोटे मधल्या फुगवट्यामागे झाकले जातात का ते बघा. हा वाक आकडा ऐकून कळत नाही, असा कळतो.

तिथेच खांबांचे दोन रंग दिसतील. मधाळ रंगाचा दगड जुना, पांढराशुभ्र दुरुस्तीतला. दोन्ही संगमरवर पेंटेली डोंगराचेच. त्यात लोहाचा अंश असतो आणि हवेत तो हळूहळू पिवळसर होतो. दुरुस्तीची गोष्ट टूरमध्ये बहुधा एका वाक्यात उरकतात, पण समोरचं दृश्य समजायला ती हवीच. प्राचीन कारागिरांनी दगड चुन्याविना रचले, आडव्या दगडांना लोखंडी आकड्यांनी जोडलं आणि आकड्यांभोवती शिसं ओतलं. शिशाने ओल आत जात नाही, म्हणून लोखंड टिकलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता निकोलाओस बालानोसने पडलेले खांब पुन्हा उभारले तेव्हा लोखंड वापरलं, पण शिशाचं आवरण दिलं नाही. लोखंड गंजलं, गंज फुगतो, आणि त्या दाबाने संगमरवर आतून फुटू लागला. १९७५ पासून चालू असलेल्या कामात ते लोखंड काढून टायटॅनियम बसवलं जात आहे, आणि तुकडे मूळ जागी परत नेले जात आहेत. परांच्या आणि क्रेन दिसल्या की लोक हिरमुसतात, फोटो बिघडला म्हणतात. हे काम झालं नसतं तर बघायला खांब कमी उरले असते.

पूर्व बाजूला पोहोचल्यावर विध्वंसाचा ट्रॅक लावा. २६ सप्टेंबर १६८७ ला व्हेनिसच्या सैन्याने सेनापती मोरोसिनीच्या नेतृत्वाखाली डागलेला तोफगोळा आत साठवलेल्या ऑटोमन दारूगोळ्यावर पडला आणि इमारतीचा मधला भाग उडाला. तोवर ही वास्तू आधी देऊळ, मग चर्च, मग मशीद म्हणून दोन हजारांहून जास्त वर्षं उभी होती. त्रिकोणाच्या कोपऱ्यात दिसणारी घोड्यांची डोकी आणि टेकलेला पुरुष या प्रती आहेत. १८०१ पासून ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी उतरवलेली शिल्पं १८१६ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेली. मिरवणूक कोरलेल्या १६० मीटर लांबीच्या शिल्पपट्ट्यापैकी सुमारे ७५ मीटर आज लंडनला आहे.

झेंड्याच्या सज्जावर तीन मिनिटं द्या. ईशान्येला लिकाबेटसची टेकडी, खाली आग्नेयेला ऑलिंपियन झ्यूसच्या देवळाचे उरलेले उंच खांब. ३० मे १९४१ च्या रात्री मानोलिस ग्लेझोस आणि अपोस्तोलोस सांतास या दोन तरुणांनी इथूनच नाझी झेंडा उतरवला होता.

परतताना एरेक्थिऑन. इ.स.पू. ४२१ ते ४०६ मधलं हे देऊळ उताराच्या जमिनीवर आहे, पूर्वेकडची पातळी उत्तर आणि पश्चिमेपेक्षा सुमारे ३ मीटर वर, म्हणून प्रत्येक बाजूने वेगळीच इमारत वाटते. ट्रॅक दक्षिणेच्या सहा कन्यांसमोर (खांबांच्या जागी उभ्या असलेल्या मूर्ती) सुरू करा, पण तिथेच संपवू नका. वळसा घालून पश्चिमेला ऑलिव्हच्या झाडाशी जा आणि उत्तरेचा मंडप बघा. कोरीवकाम तिथलं सर्वांत नाजूक आहे आणि गर्दी सर्वांत कमी. कन्या प्रती आहेत. पाच मूळ खाली म्युझियममध्ये, सहावी लंडनला.

ज्येष्ठांसाठी

उत्तर उतारावर लिफ्ट आहे, डिसेंबर २०२० पासूनची. ती चालण्याची अडचण असलेल्यांसाठी राखीव आहे, नुसत्या दमण्यासाठी नाही, आणि जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात. लागणार असेल तर आधी चौकशी करा. माथ्यावर काँक्रीटच्या वाटा असल्याने वर पोहोचल्यावर चालणं सोपं आहे. गुडघे दुखत असतील तर त्रास उतरताना होतो, म्हणून प्रोपिलियाच्या पायऱ्या उतरताना फोन बंद आणि हात कठड्यावर. माणशी किमान एक लिटर पाणी, दोरीची टोपी, पाठीवर लहान पिशवी. मोठी बॅग आत नेता येत नाही, तिपाई, ड्रोन आणि खाद्यपदार्थही नाहीत. बाबागाडी दरवाजाशी ठेवावी लागते.

उतरताना

दक्षिण उतारावर आधी हेरोडीस ॲटिकसचं प्रेक्षागृह वरून, मग युमेनीस राजाच्या १६३ मीटर लांब ओसरीच्या कमानी, वर ॲस्क्लेपिऑस या आरोग्यदेवतेचं स्थान, आणि शेवटी डायोनिससचं नाट्यगृह. पहिले तीन ट्रॅक पटकन उरकले तरी चालेल. नाट्यगृहात मात्र थांबा. एस्किलस, सोफोक्लीस, युरिपिडीस आणि ॲरिस्टोफेनीस या प्राचीन नाटककारांची नाटकं याच उतारावर पहिल्यांदा झाली. खालच्या पहिल्या रांगेत संगमरवरी आसनं आहेत, त्यांवर कोणत्या पुजाऱ्याची जागा हे कोरलेलं आहे. मधलं सर्वांत नक्षीदार आसन डायोनिससच्या पुजाऱ्याचं. ती अक्षरं शोधायला दोन मिनिटं द्या.

आग्नेयेच्या दरवाजाने बाहेर पडलात की म्युझियम जवळच आहे. तिकीट वेगळं. बॅटरी २० टक्के तरी त्यासाठी राखा, कारण पार्थेनॉनच्या शिल्पांचे ट्रॅक टेकडीवर ऐकण्यापेक्षा इथे ऐकायचे असतात. वरच्या मजल्यावरचं काचेचं दालन पार्थेनॉनला समांतर वळवलेलं आहे आणि शिल्पपट्टा मूळ क्रमाने लावला आहे. पिवळसर तुकडे मूळ, पांढरे प्लास्टरचे लंडनमधल्यांच्या प्रती. पट्ट्याचा ट्रॅक नैऋत्य कोपऱ्यातून सुरू करा, मिरवणूक तिथूनच निघते आणि दोन्ही बाजूंनी पूर्वेकडे जाते. पाच मूळ कन्या पहिल्या मजल्यावर आहेत, आणि तिथे त्यांच्या मागे जाता येतं: प्रत्येकीची वेणी वेगळी घातलेली आहे.